सायकल ट्रॅक काढून पार्किंग: हरकत कुठे आणि कशी घ्यायची?

जुळे_सोलापूरकर
आमच्या भागात मोठ्या रस्त्याच्या कडेला साधारण दोन मीटरचा सायकल ट्रॅक आहे. तो उखडून तिथं कारचं पार्किंग करणार अशी चर्चा आहे. लेखी आदेश कुणी बघितलेला नाही. सोसायट्यांमधून सह्यांचं निवेदन फिरतंय. ते आवक-जावकला देऊन पोच घेतली की पुढं काय? हरकत महापालिकेकडे घ्यायची की ट्रॅफिक पोलिसांकडे? आणि "तिथं सायकल चालवतंय कोण?" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

अंदाजपत्रक
सह्या घ्या, पण नुसत्या सह्यांनी काम थांबत नाही. फाईल कुठवर आली ते आधी काढा. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश अशी ती सरकते. निविदा निघायच्या आत हरकत गेली तर आराखडा बदलणं सोपं असतं. कार्यादेश हातात पडला की ठेकेदार भरपाई मागतो, मग कुठलाच अधिकारी मागं यायला तयार नसतो. निविदा निघाली का, ते महाटेंडर्स या शासनाच्या निविदांच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकाच, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तेवढ्यात जेसीबी येऊन जातो. त्याआधी सोमवार गाठा. शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघता येतात. नगर अभियंत्यांच्या कार्यालयात रस्त्याचं पूर्ण नाव आणि कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत, हे लिहून न्या. "तो आमच्याकडचा रस्ता" म्हटलं तर फाईल सापडत नाही.

अर्ज १५० शब्दांत, एकच विषय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "ट्रॅक का काढताय?" असं विचारू नका, 'का' हा प्रश्न माहितीत बसत नाही म्हणून अर्ज परत येतो. कागद मागा: मंजूर क्रॉस-सेक्शन (रस्त्याच्या रुंदीची वाटणी दाखवणारा नकाशा), अंदाजपत्रकाच्या बाबी, वाहतूक सर्वेक्षण, टिपणीची (फाईलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांची) प्रत, पोलिसांशी झालेला पत्रव्यवहार. कारणं हरकतीच्या पत्रात मागा, माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(घ) लावून. बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयाची कारणं देणं त्याखाली बंधनकारक आहे.

हरकत दोन्हीकडे द्यायची. उखडणं हे महापालिकेचं काम, पार्किंगची अधिसूचना पोलीस आयुक्तालयाची. एकाचं पत्र दुसऱ्याला प्रत म्हणून पाठवा, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

पेठेतला_वकील
विकास आराखड्यात बदल होतोय म्हणून एमआरटीपीचं, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं, कलम ३७ लावता येईल ना? त्यात हरकतींना एक महिना मिळतो.

अंदाजपत्रक
बहुतेक वेळा नाही, मालक. आराखड्यात रस्त्याची एकूण रुंदी असते. त्या रुंदीत फूटपाथ किती, ट्रॅक किती, हे सहसा आराखडा ठरवत नाही. ट्रॅक स्वतंत्रपणे दाखवलेला असेल तरच ३७ चा मुद्दा उभा राहतो. नकाशा बघितल्याशिवाय तो पत्रात घालू नका. एक मुद्दा चुकीचा निघाला की बाकीचे नऊ कुणी वाचत नाही.

आणि डांबरीकरणावर डोळा ठेवा. पट्टे मारून वेगळा केलेला ट्रॅक उखडावा लागत नाही. नवा थर चढतो, अंदाजपत्रकात थर्मोप्लास्टिक (रस्त्यावर मारायच्या रंगीत) पट्ट्यांची बाब नसते, ट्रॅक गेला! आदेश नाही, ठराव नाही. ती बाब अंदाजपत्रकात आहे का एवढं एक बघितलं तरी बरंच कळतं.

टेप_घेऊन_या
हरकतीत भावना कमी, मापं जास्त असू द्या. दोन मीटरच्या पट्टीतून वाहनांची नवी लेन होत नाही, तिला तीन ते साडेतीन मीटर लागतात. म्हणजे कोंडी फुटेल हा दावा टेपनेच खोटा ठरतो. पार्किंगलाही ती अपुरी, कारची जागा अडीच मीटर रुंद धरतात. राहिलेला अर्धा मीटर रस्त्यातून जाणार, दार उघडलं की अजून. लांबीत एका कारला सहा मीटर धरा: शंभर मीटरला सोळा गाड्या. त्यातून सोसायट्यांची गेट, बस थांबा, कोपऱ्यावर मोकळी ठेवायची जागा वजा केली की अकरा-बारा उरतात. अकरा-बारा कारसाठी किती सायकलवाले रस्त्यावर ढकलणार, असा प्रश्न विचारा.

ते मोजायचं कसं? चौकात नको, दोन चौकांच्या मध्ये उभं राहा. सकाळी साडेसहा ते साडेनऊ, संध्याकाळी पाच ते आठ, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत. ट्रॅकवरच्या सायकली वेगळ्या आणि मुख्य रस्त्यावरच्या वेगळ्या मांडा. इथंच सगळे चुकतात, ट्रॅकवरच्याच मोजतात. गाडी आडवी लावलीय म्हणून खाली उतरलेला सायकलवाला हाही वापरणाराच. कारखान्याची पाळी आणि शाळा सुटायची वेळ सुटू देऊ नका. गड्डा यात्रेच्या दिवसांत आणि मेमध्ये मोजू नका, आकडे कुणी मानणार नाही.

खडीवाला
ट्रॅक वाचवा म्हणताय, पण आहे तसा वाचवून काय करणार ओ? पेव्हर ब्लॉक खचलेले, चेंबरचं झाकण दोन इंच वर, पाण्याच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेत. पुढचं चाक अडकलं की माणूस तोंडावर. निवेदनात "काढू नका" एवढंच लिहिलं तर समोरचा रिकाम्या ट्रॅकचा फोटो दाखवून मोकळा.

दुरुस्तीची यादी जोडा. जाळ्या चाकाला आडव्या बसवणं, झाकणं समपातळीत आणणं, कर्बला १:१२ उतार, गेटसमोर ट्रॅक खाली न उतरवता गाड्यांनाच उतार देणं. ट्रॅकच्या तोंडाशी दीड-दीड मीटर अंतरावर बोलार्ड, म्हणजे गाडी अडवणारे आखूड खांब, रेडियम पट्टीसह. त्यानं कार थांबते. मोटारसायकल थांबत नाही, हँडल सायकलएवढंच असतं. त्याला कारवाईच लागते, ट्रॅकवर गाडी लावायला नियमातच मनाई आहे. प्रत्येक अडथळ्याचा फोटो, शेजारच्या विजेच्या खांबाच्या नंबरसकट.

हुतात्मा_सव्वासहा
टोरांटोचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारनं २०२४ मध्ये कायदा करून ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या सायकल लेन काढायचं ठरवलं. सायकलवाल्यांची संघटना कोर्टात गेली आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या सुपिरियर कोर्टानं ते घटनाविरोधी ठरवलं. सायकल लेनचा हक्क आहे असं कोर्ट म्हणालं नाही. लेन काढून कोंडी कमी होण्याचा पुरावा नाही आणि जिवाला धोका मात्र वाढतो, या मुद्द्यावर निकाल लागला. सरकारला मिळालेला सल्लासुद्धा त्याच बाजूचा होता. सरकार अपिलात गेलं. तिथला कायदा इथं चालत नाही, पण यासाठीच टिपणीची प्रत मागायची. आपल्याच अभियंत्यानं विरोधात काही लिहून ठेवलेलं असू शकतं.

आपल्याकडं आधार म्हणून २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आहेच. शिवाय ७ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) आणि २१०ड खाली नियम करायला सहा महिने दिले. पहिलं पादचारी आणि विनाइंजिन वाहनांबद्दल, दुसरं रस्त्यांच्या रचनेच्या मानकांबद्दल. पत्रात दोन्ही कलमं लिहा.

कोर्टाची वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे, मुंबई गाठायला नको. पण आधी अधिकाऱ्याकडे लेखी मागणी केली होती का, हे तिथं पहिलं विचारतात.

जुळे_सोलापूरकर
समजलं. सोमवारी फाईल, त्याच आठवड्यात मोजणी. सह्यांचं निवेदन थांबवू का?

अंदाजपत्रक
थांबवू नका. मजकूर बदला आणि मापांचा तक्ता, खांबांच्या नंबरची यादी मागं जोडा. प्रत्येक पानावर विषय परत छापा, नुसत्या सह्यांची सुटी पानं फाईलमधून गळतात. पोचेवर आवक क्रमांक घ्या, नुसता शिक्का घेऊन येऊ नका.