सहा माणसांचा स्वयंपाक आणि लवकर संपणारा सिलिंडर

प्रश्न : आमच्या घरी सहा माणसे असून सकाळी साडेसातपर्यंत तीन डबे भरावे लागतात, आणि १४.२ किलोचा सिलिंडर जेमतेम पंचवीस दिवस पुरतो. गॅस आणि वेळ दोन्ही वाचतील असा काही मार्ग अनुभवी मंडळींनी सुचवावा.

उत्तर : ताई, वरण, भात आणि उकडायचे बटाटे एकाच कुकरमध्ये एकावर एक डबे ठेवून शिजवावेत. तूरडाळ आधी तासभर भिजवावी. पहिली शिट्टी होताच आच मंद करावी, कारण शिट्टीतून जाणारी वाफ म्हणजे आपण पैसे मोजून तापवलेले पाणीच असते, आणि आतले सुमारे १२० अंशांचे तापमान मंद आचेवरही टिकते. घाईने कुकर नळाखाली धरू नये. वाफ जिरेपर्यंत आतला पदार्थ फुकटात शिजत असतो.

उत्तर : वरील सूचना योग्यच आहे, फक्त डाळीचा डबा तळाशी आणि भाताचा वर ठेवावा. माझा खरा वेळ वाचतो तो वाटणामुळे : रविवारी कांदा-खोबरे एकदाच भाजून वाटते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते; उसळीला दोन वड्या पुरतात. ज्योत पिवळी दिसत असेल, तर बर्नरची छिद्रे साफ करून पाहावीत.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. बर्नरच्या छिद्रांत उतू गेलेले दूध वाळून बसले होते. भात मात्र आज गिचका झाला. उद्या पाणी अर्धी वाटी कमी घालते.