आजोबांच्या आधी बाप वारला तर नातवंडांना काय मिळतं? इजिप्त, पाकिस्तान आणि भारत

फराइज_अभ्यासक (प्रश्न):
शरीयतच्या वारसा नियमांत बाप आजोबांच्या आधी वारला आणि एखादा काका हयात असला, तर नातवंडांना आजोबांच्या इस्टेटीतून काहीच मिळत नाही. इजिप्तने 1946 साली आणि पाकिस्तानने 1961 साली यावर कायदा केला. दोन्ही वाटांनी हिशेब कसा बदलतो आणि झीज कोण सोसतं? उदाहरण असं घेऊ: कफन-दफन आणि कर्ज फेडून 36 लाख उरले. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि मयत मुलाची दोन मुलं (मुलगा व मुलगी). भारतातल्या अशा कुटुंबाने काय करावं?

वाटणीपत्र:
आधी जुना हिशेब. पत्नीला आठवा हिस्सा, 4.5 लाख. उरलेले 31.5 लाख मुलगा-मुलगीत 2:1 ने, म्हणजे 21 आणि 10.5. नातवंडं शून्य, कारण जवळचा असबा (बापाकडून जोडलेला, उरलेला हिस्सा घेणारा वारस) लांबच्याला बाद करतो. इथे चुलता कितीही भला असला तरी नियम बदलत नाही.

पाकिस्तानच्या 1961 च्या मुस्लिम कुटुंब कायद्याचं कलम 4 मयत मुलाला जिवंत धरतं. पत्नीचे 4.5 तसेच. 31.5 चे पाच भाग, एक भाग 6.3 लाख. हयात मुलगा 12.6, मुलगी 6.3, आणि मयत मुलाचे 12.6 त्याच्या मुलांना, 8.4 व 4.2 असे.

इजिप्तमध्ये नातवंडं वारस होत नाहीत. कायदा असं धरतो की आजोबांनी त्यांच्या नावे वसीयत (मृत्युपत्र) केलीच होती. यालाच 'वसीयत वाजिबा' (बंधनकारक वसीयत) म्हणतात. रक्कम मयत मुलाच्या हिश्श्याइतकी, पण कमाल एक तृतीयांश. इथे 12.6 लाख ही मर्यादा ओलांडतात, म्हणून 12 लाखच मिळतात (8 आणि 4). ही रक्कम वाटणीच्या आधी निघते. उरलेल्या 24 लाखांतून पत्नीला 3, मुलाला 14, मुलीला 7.

आता पत्नीकडे बघा. पाकिस्तानात तिचे 4.5 शाबूत राहतात, भार फक्त मयत मुलाच्या भावंडांवर येतो. इजिप्तमध्ये ती 3 वर येते. सुधारणेचं कौतुक करताना ही बाजू सहसा कुणी मांडत नाही, आणि ती मांडायलाच हवी.

किताब_ओ_कानून:
हिशेब बरोबर आहे. तरी इजिप्तची वाट मला जास्त पक्की वाटते. कुराणाच्या 2:180 मध्ये आई-वडील आणि नातलगांसाठी वसीयत करायला सांगितलं आहे. बहुतेक फकीह (इस्लामी कायद्याचे जाणकार) म्हणतात की 4:11-12 मधल्या ठरलेल्या हिश्श्यांनी ही आज्ञा मागे पडली. अकराव्या शतकातल्या अंदालुसियाच्या (मुस्लिम स्पेन) फकीह इब्न हज्मने मात्र वारसा न मिळणाऱ्या नातलगांपुरती ती बंधनकारक मानली, आणि मयताने वसीयत केली नसेल तर इस्टेटीतून द्यायलाच हवं असं म्हटलं. रक्कम किती आणि ती कोणाला, हे पुढे कायदेकर्त्यांनी ठरवलं. तरी पाया जुन्या फिक्हमध्येच (इस्लामी कायदेशास्त्र) होता, म्हणून सीरिया, ट्युनिशिया, मोरोक्को हेही तपशिलात फरक करून याच वाटेने गेले.

पाकिस्तानच्या कलमाने वारसांचा क्रमच बदलला, आणि गाडी तिथेच अडते. मागे एक मुलगी, मयत मुलाची एक मुलगी आणि आजोबांचा भाऊ आहे असं धरा. जुन्या नियमाने मुलगी 1/2, नात 1/6, भाऊ 1/3. कलम 4 शब्दशः लावलं की नात 2/3, मुलगी 1/3, भाऊ शून्य. पोटच्या मुलीपेक्षा नातीला दुप्पट! 2000 साली फेडरल शरीयत कोर्टाने हे कलम इस्लामविरोधी ठरवलं. अपील झाल्याने ते लगेच रद्द झालं नाही.

हिबा_वसीयत:
भारतात या दोन्हींपैकी काहीही नाही, त्यामुळे आजोबांनी हयातीतच हालचाल करायची. दोन साधनं आहेत.

पहिलं वसीयत. मुलगा हयात असल्याने नातवंडं वारस नाहीत, म्हणून एक तृतीयांशापर्यंत वारसांच्या संमतीशिवाय देता येतं. वरच्या उदाहरणात तेच 12 लाख. कायद्याने तोंडी वसीयतही चालते, पण ती सिद्ध करताना दमछाक होते. लेखी करा, दोन साक्षीदार घ्या. एक तृतीयांशावरच्या रकमेला वारसांची संमती लागते, आणि हनफी फिक्हप्रमाणे (सुन्नींच्या मजहबांपैकी, म्हणजे कायद्याच्या शाखांपैकी, एक) ती मृत्यूनंतरची हवी.

दुसरं हिबा, म्हणजे हयातीतलं बक्षीस. यात मर्यादा नाही, पण तीन गोष्टी हव्यात: देण्याची घोषणा, स्वीकार आणि ताबा. या पूर्ण असतील तर लेखी कागद नोंदवलेला नसला म्हणून हिबा बाद होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये (हफीजा बीबी खटला) सांगितलं. बिघडतं ते ताब्यावर. कागद केला, पण भाडं आजोबाच घेत राहिले आणि भाडेकरूला कळवलंच नाही, तर चुलत्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. बाप नसलेल्या अल्पवयीन नातवाचे पालक आजोबाच असतील तर ताबा हलवावा लागत नाही, फक्त देण्याचा हेतू स्पष्ट हवा. अविभक्त हिस्सा देताना मात्र जपून: वाटणीजोगी मालमत्ता न वाटता दिली तर हनफींमध्ये अडचण येते, शाफई या दुसऱ्या मजहबात नाही. कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई आहेत, तेव्हा कुटुंब कोणत्या मजहबचं हे आधी विचारा. आणि शेवटच्या आजारात हिबा करू नका, त्याला वसीयतीचीच एक तृतीयांशाची मर्यादा लागते.

वाटणीपत्र:
एक भर. पत्नीचा मेहर (लग्नात नवऱ्याने तिला कबूल केलेली रक्कम) द्यायचा राहिला असेल तर तो कर्जच आहे. आधी तो वजा करा, मग उरलेल्याचा एक तृतीयांश काढा. हा क्रम चुकला तर वसीयतीचा आकडा फुगतो आणि भांडण विधवेच्या दारात येतं.