फोन रोखीने घ्यावा की हप्त्यांवर? अमेरिकेचा सल्ला आणि गोव्याचे गिऱ्हाईक

डिचोलीकर:
न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका गोमंतकीयाने काल येथे लिहिले की, पूर्ण पैसे मोजून फोन घेणारा हिशेबात कच्चा. मोबाइल कंपनीकडून ३६ हप्त्यांवर घेतला तर तो जवळजवळ फुकट पडतो. मात्र तो फुकट पडतो बिलात दरमहा मिळणाऱ्या सवलतीमुळे, आणि मध्येच कंपनी सोडली की ती सवलत बुडते व उरलेली रक्कम भरावी लागते, हे त्यांनी सोयीस्करपणे गाळले. माझ्या भाच्याने गेल्या चवथीला तिकडून असाच फोन आणला. हप्ते फिटलेले नसल्यामुळे दुसऱ्या कंपनीचे सिम चालू न देणारे त्याचे कुलूप निघालेले नव्हते, इथले सिम त्याने स्वीकारलेच नाही, आणि तो गणपतीवर टांगलेल्या माटोळीचे फोटो काढण्यापुरताच उपयोगी पडला.

वास्कोवासी:
डिचोलीकर बाब, भाच्यावरचा राग आमच्यावर काढू नका. आपण हप्त्यांवर फोन घेतो तो बहुधा बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या पैशाने, आणि सिम हवे ते घालतो. ब्रिटनमध्येही डिसेंबर २०२१ पासून मोबाइल कंपन्यांना कुलूपबंद फोन विकता येत नाहीत. पंचवीस हजार पगाराच्या माणसाने चाळीस हजार एकरकमी आणायचे कोठून? बिनव्याजी हप्ते ही त्याची सोय आहे.

फोंडेकर:
'बिनव्याजी' तेवढे म्हणू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच आणि ते अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवले जाते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत व्याजाएवढी सूट मिळाली, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी बसतो. व्याज १,५०० रुपये धरले तर २७० रुपये झाले.

वास्कोवासी:
दोनशे सत्तर रुपयांसाठी एवढे प्रवचन! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात इसवण घेताना आपण एवढी घासाघीस करता का?

काणकोणकर:
आपल्याकडे कुलूप नाही, हे वास्कोवासींना कोणी सांगितले? माझा शेजारी टॅक्सी चालवतो. फायनान्सवर घेतलेल्या त्याच्या फोनमध्ये दुकानातच एक ॲप बसवून दिले होते. पावसाळ्यात भाडी आटली, हप्ता बँकेतून परत गेला आणि फोन बंद झाला. पडद्यावर फक्त थकबाकीचा आकडा आणि पैसे भरण्याचे बटण उरले.

वास्कोवासी:
कर्ज घेतले, तर ते फेडायला नको?

काणकोणकर:
फेडायलाच हवे. पण ज्या भाड्यातून तो फेडणार, ते त्याच फोनवर ठरते, एवढे तरी ध्यानात घ्या. एसी खोलीत बसून शिस्तीचे धडे देणे सोपे आहे.

डिचोलीकर:
म्हणूनच मी म्हणतो की, परवडेल तो फोन रोखीने घ्यावा, मग तो गेल्या वर्षीचा का असेना.

वास्कोवासी:
ठीक आहे, टॅक्सीवाल्याने रोखीनेच घ्यावा, हे आपल्या समाधानासाठी मान्य करतो. माझे हप्ते दिवाळीपर्यंत चालतील. तोवर मला हिशेबात कच्चा समजावे.

फोंडेकर:
दिवाळीपर्यंत थांबण्याआधी मुदतपूर्व फेडीचे शुल्क किती, ते करारात पाहा. तेही बिनव्याजीच असेल.