ॲव्हेंटस आणि त्याची स्वस्त नक्कल: फरक कुणाला कळतो?

सुगंधवेडा: क्रीड कंपनीचं महागडं परफ्यूम ॲव्हेंटस (२०१०) डाव्या मनगटावर, त्याची स्वस्त नक्कल, आर्माफचं क्लब द न्यूई इंटेन्स मॅन, उजव्या. आठवडाभर हाच उद्योग केला. पहिली १५ मिनिटं फरक कळतो: अस्सलमधला अननस रसाळ, नकलेत आधी लिंबूच पुढे येतं. तासाभराने मात्र दोन्हीकडे तोच बर्चच्या लाकडाचा धुरकट वास, तोच मस्क (कस्तुरीसारखा वास). घरच्यांना डोळे मिटून ओळखायला लावलं, पाचातले तिघे चुकले. पहिल्या १५ मिनिटांत आपल्याजवळ असतं कोण? मग अनेकपट पैसे कशाला मोजायचे?

मोगरी: मी असते की माझ्याजवळ! परफ्यूम काय फक्त शेजाऱ्यांसाठी लावायचं? आणि दोन्ही एकदम लावलेत तिथेच घोळ झाला. वास एकमेकांत मिसळतात, नाक गोंधळतं. एक दिवस हे, एक दिवस ते, असं करून बघा.

नाकतोडा: सुगंधवेडा म्हणतात ते बरोबर आहे, पण कारण वेगळं. गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या चाचणीने, कुपीतले बहुतेक रेणू ओळखता येतात. ॲम्ब्रॉक्सन, आयसो ई सुपर अशी कृत्रिम सुगंधी द्रव्यं बाजारात कुणालाही मिळतात, त्यामुळे तळाचा, रेंगाळणारा भाग हुबेहूब जमतो. अडतं ते नैसर्गिक तेलांपाशी. एकट्या गुलाबाच्या तेलात शेकडो घटक असतात, पीक बदललं की प्रमाणही बदलतं. शिवाय सुगंधी द्रव्यांच्या कंपन्या काही रेणू फक्त आपल्याच परफ्यूमरसाठी राखून ठेवतात, त्यांना 'कॅप्टिव्ह' म्हणतात. यादी हाती आली तरी तो जिन्नस बाहेर मिळत नाही.

स्पष्टवक्ता: एवढं रसायनशास्त्र कशाला? दुसऱ्याची मेहनत उचलायची आणि स्वस्तात विकायची, याला चोरीच म्हणतात.

नाकतोडा: कायद्यालाही ते इतकं सोपं वाटत नाही हो. जून २००६ मध्ये, एकाच आठवड्यात, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सुगंधाला कॉपीराइट नाकारला आणि नेदरलँड्सच्या न्यायालयाने लाँकोमच्या त्रेझोर या परफ्यूमला तो मान्य केला! २००९ च्या लॉरिआल विरुद्ध बेल्युअर (नकला विकणारी कंपनी) खटल्यात युरोपीय न्यायालयाने बोट ठेवलं ते 'आमचा हा वास म्हणजे त्यांचा तो' अशा तुलनेच्या याद्यांवर. दुसऱ्याच्या नावलौकिकावर पोळी भाजणं अनुचित ठरलं, वास जुळणं नव्हे. मूळ कंपनीचं लेबल चिकटवलेला बनावट माल हा निराळाच गुन्हा, त्याची यात गल्लत नको.

स्पष्टवक्ता: कायद्यात बसलं म्हणजे नीतीत बसलं असं नाही. असो.

बिनधास्त: माझी नक्कल अस्सलपेक्षा जास्त टिकते. विषय संपला.

मोगरी: टिकतं ते चांगलंच असतं का? कपड्यावरचा डागही टिकतो.

सुगंधवेडा: मोगरी, तुमचं ऐकून वेगवेगळ्या दिवशी लावलं. नकलेच्या दिवशी अस्सलच्या सुरुवातीची खरंच उणीव भासली, कबूल. तरी पुढची बाटली नकलेचीच घेणार. फक्त फवारे कमी करतोय: दुपारपर्यंत मला स्वतःला वास येईना म्हणून पुन्हा मारले, आणि शेजारच्या टेबलावरच्याने उठून खिडकी उघडली.