बाउरान: शनिवारी कोण जातंय?

मेधा
मंडळी, १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डे परेडला पोवाड्यासोबत बाउरान (इथला आयरिश डफ) वाजवायचं हे मीटिंगला ठरलंय, पुन्हा उकरू नका. कमिटीने १५० युरो मंजूर केलेत. शनिवारी डब्लिनमध्ये टेंपल बारला, पर्यटकांच्या दुकानांत, जाऊन मीच घेऊन येते. फक्त एवढं सांगा, साधं आणू की चाव्यांचं?

श्रीकांत
मेधाताई, चाव्यांचंच. बकऱ्याचं कातडं ते, दमट हवेत सैल पडतं आणि घरात हीटरपाशी राहिलं की नको इतकं ताणतं. साध्यात कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असतं, तिथे आपण काय करणार? चाव्या असल्या की एलन कीने आवळता-सोडता येतं. आणि टेंपल बारमध्ये भिंतीवर टांगलेली, शॅमरॉकच्या तीन पानांचं चित्र असलेली आणू नका, प्लीज. ती फ्रिजवरच्या मॅग्नेटची मोठी भावंडं. पश्चिमेला एनिस गावात कस्टीजमध्ये जा, पारंपरिक वाद्यांचंच दुकान आहे.

वैशाली
एनिस?? जाऊन-येऊन पाच तास! पेट्रोल कुणाच्या खात्यातून? त्यापेक्षा मंडळाची हलगी आहे की.

सुहासकाका
हलगी मंडळाची नाही, माझी आहे. कोल्हापूरहून आणलेली. गणपतीत दिली आणि परत आली ती कडेला फाटून. शिवाय हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकावी लागते. परेडच्या मार्शलना विचारा, रस्त्यात पेटवू का म्हणून. इथले जुने लोकही बाउरान शेगडीपाशी धरून तापवायचे.

वैशाली
काका, हलगी फाटली तेव्हा स्टोअरची किल्ली ढोल पथकाकडे होती, सांस्कृतिक समितीकडे नाही. मिनिट्समध्ये आहे.

निखिल (लिमरिक)
इथून एनिस अर्ध्या तासावर आहे, मी आणून दिलं असतं. पण वाजवणाऱ्याशिवाय घेऊ नका. इराच वाजवणार ना? तिला न्या, दुकानात बसवा, मांडीवर उभं धरायला सांगा. दुसरा हात आतून कातड्यावर दाबत फिरवला की स्वर वरखाली होतो, सगळी गंमत त्यातच. १८ इंची घेतलंत तर तिचा हात पोचणार नाही, १४ इंची पुरे. प्रत्येक चावी फिरवून बघा, कड्याचा सांधा बोटाने चाचपा. कडेने काळी टेप असेल तर घासाघीस करू नका, तो दोष नाही, अनावश्यक घुमणं कमी करायला लावतात. मागे आडवी पट्टी नसलेलं घ्या, हात अडतो.

आमचं पहिलं टेंपल बारचंच होतं. आतल्या बाजूला लेबल: मेड इन पाकिस्तान. बाबा म्हणाले, सातासमुद्रापार येऊन शेजाऱ्याच्याच घरचं घेतलंत.

श्रीकांत
निखिल, पट्टीचं पटलं नाही. पबमधल्या सेशनमध्ये बसून वाजवायला ठीक आहे. इराला चालत वाजवायचंय! पट्टीला धरल्याशिवाय तोलणार कसं? काढता-घालता येणारी पट्टी बघा.

सुहासकाका
चालत वाजवणं नवीन नाही. २६ डिसेंबरला रेन बॉइज (सोंगं घेऊन गाणारी पोरं) दारोदार फिरायचे ते बाउरान घेऊनच. बैठकीच्या संगीतात त्याला मान मिळाला तो १९६० च्या दशकात, संगीतकार शॉन ओ रिआडांनी आपल्या वाद्यवृंदात घेतल्यावर. मी पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारात राउंडस्टोन गावच्या जुन्या मठाच्या आवारात बाउरान बनवताना पाहिलेत. तिकडेच का जात नाही?

मेधा
काका, ते एनिसहूनही लांब. शिवाय मार्च तोंडावर आलाय.

वैशाली
इराला शनिवारी सकाळी पोहणं आहे, ११ नंतर निघू. उभ्याने धरून दुखतं का ते बघू, नाहीतर पोवाडा बसून म्हणा. ट्रेलरवर खुर्ची चालेल का?

खजिनदार
पावती मंडळाच्या नावाने. टिपरी आणि कव्हर १५० मध्येच बसवा. पेट्रोलचं मी वाचलं नाही असं समजा.

मेधा
ठीक. शनिवारी ११.३०, लूकनहून. श्रीकांत, गाडी तुझी. निखिल, तू तिथेच भेट. ट्रेलर आहे असं कोण म्हणालं?

सुहासकाका
कोल्हापूरला कोणी जाणार असेल तर कळवा, हलगीचं कातडं बदलून आणायचंय. खर्च ढोल पथकाने द्यावा.