विषय: कन्सील्ड कॅरीसाठी दुर्लक्षित कॉम्पॅक्ट पिस्तुलं (न्यू जर्सी)

प्रेषक: वर्षा

नमस्कार मंडळी,
कॅरी परमिटसाठी (पिस्तूल कपड्यांखाली लपवून सोबत नेण्याचा परवाना) अर्ज करते आहे; ग्रीन कार्ड आहे. दुकानात जो तो सिग पी३६५ किंवा ग्लॉक ४३एक्स पुढे करतो. दोन्हींची स्लाइड (गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग) मला जड जाते, आणि अंगात बहुतेक वेळा कुडता असतो, पट्टा नसतो. आणखी काय बघावं?

प्रेषक: अभय

वर्षाताई,
पिस्तूल जितकं लहान, तितकी त्याची स्लाइड हलकी. तिला थोपवायला स्प्रिंग कडक लागते आणि बोटांना पकडायला जागाही कमी मिळते. म्हणून सगळ्यात छोटं तेच सगळ्यात सोपं, हा समज आधी सोडा.

तुमच्यासाठी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड ९ मिमी बघा. 'म्हाताऱ्यांचं पिस्तूल' म्हणून लोक ते बाजूला सारतात, हा अन्याय आहे. नळी सुमारे ३.७ इंच, मॅगझिन ८ गोळ्यांचं. गोळी उडवायला त्यात स्ट्रायकर (स्प्रिंगच्या जोरावर सरळ पुढे झेपावणारी पिन) नाही, आत लपलेला हॅमर (पिनेवर आपटणारा घोडा) आहे. स्ट्रायकरच्या पिस्तुलात स्लाइड बंद होताना स्ट्रायकरच्या स्प्रिंगवर मात करावी लागते, म्हणून रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) जोरकस ठेवतात. ईझेडमध्ये ती सौम्य ठेवता आली आहे. मॅगझिनला बाजूला बोंड आहे, ते खाली दाबून धरलं की गोळ्या भरताना अंगठा सोलत नाही.

अडतं कुठे? मुठीच्या मागे ग्रिप सेफ्टी आहे. तळहात तिच्यावर पक्का बसला नाही तर चाप (ट्रिगर) ओढूनही गोळी सुटत नाही. हे घाईत, होल्स्टरमधून काढताना होतं. म्हणून पकड होल्स्टरमध्येच पूर्ण करायची, मग पिस्तूल वर उचलायचं. दुसरं, मनगट ढिलं राहिलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं काडतूस स्लाइडच्या खिडकीत (ते बाहेर पडायच्या जागेत) उभं अडकतं. मॅगझिनच्या बुडाला थाप द्या, स्लाइड जोरात मागे ओढून सोडा.

जुनं घेत असाल तर सीरियल नंबर कंपनीच्या रिकॉल पानावर तपासा. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या ९ मिमी ईझेडच्या काही हॅमरना तडा जाण्याचा धोका होता, म्हणून कंपनीने ती तपासणीसाठी परत मागवली होती.

स्लाइड ओढताना कोपरं अंगाशी ठेवा, डावा तळहात स्लाइडवरून पालथा टाका आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. नुसत्या डाव्या हाताने ओढण्यापेक्षा हे कितीतरी हलकं जातं. हे करताना नळी आडवी फिरते, तिकडे लक्ष असू द्या. ती कायम टार्गेटकडेच हवी. बोट ट्रिगरबाहेर.

प्रेषक: माधव

अभयच्या मताशी सहमत. एक भर घालतो, कारण पुढचा सल्ला दुकानदार हमखास देतील: "ताई, रिव्हॉल्व्हर घ्या, स्लाइडची कटकटच नाही." रुगर एलसीआर (.३८ स्पेशल, ५ गोळ्या, १३.५ औंस) उत्तम हत्यार आहे, त्याचा ट्रिगर त्या वर्गात फार मऊ आहे. तरी प्रत्येक गोळीला लांब, जड ओढ आहेच, आणि इतक्या हलक्या वजनात धक्का हाताला झोंबतो. नवख्याला हे सोपं नाही. घेतलंच तर १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर, म्हणजे सपाट टोकाची गोळी वापरा, धक्का बराच कमी होतो. वॉडकटर पोकळ टोकाची नसते, हा न्यू जर्सीत मोठा फायदा. इथे पोकळ टोकाच्या गोळ्या घरी आणि रेंजवर चालतात, कॅरी करताना नाही. ९ मिमीत टोकाला पॉलिमर भरलेल्या गोळ्या मिळतात, त्या चालतात. जोरकस गोळ्यांनी आणखी एक घोटाळा होतो: हलक्या रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने न उडालेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर फिरेनासा होतो. नवीन ब्रँडच्या ४ उडवा आणि पाचवीची लांबी न उडवलेल्या नव्या काडतुसाशी ताडून पाहा.

ज्यांच्या मनगटात जोर आहे त्यांनी सीझेड पी-०१ किंवा पीसीआर हातात घेऊन पाहावं. अॅल्युमिनियमची फ्रेम, वजन २८ औंसांच्या आसपास. दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी बसवायला हे वजनच मदत करतं. डीकॉकर (गोळी न उडवता ताणलेला हॅमर खाली आणणारा खटका) हॅमरला अर्ध्या खाचेवर आणून ठेवतो, त्यामुळे पहिली ओढ लांब आणि पुढच्या छोट्या. सराव त्या पहिल्या ओढीचाच करायचा. वर्षाताई, तुम्हाला मात्र हे नको. त्याची स्लाइड फ्रेमच्या आतून धावते, पकडायला उंचीच कमी. हे घेणाऱ्यांनी घरी ड्राय फायर (गोळीविना चाप ओढायचा सराव) करताना स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालावी, नाहीतर फायरिंग पिन अडवणारी रोल पिन तुटते. न्यू जर्सीत मॅगझिन १० गोळ्यांचंच मागवा. २०१८ च्या कायद्याने मर्यादा तेवढी केली आहे.

प्रेषक: वर्षा

माधवकाका, अभय, आभार. कुडत्यावर पट्ट्याशिवाय कसं बांधायचं?

प्रेषक: अभय

बेली बँड (पोटाभोवती गुंडाळायचा पट्टा) घ्या, पण नुसत्या कापडी खिशाचा नको. आत ट्रिगर झाकणारं कायडेक्सचं (कडक प्लॅस्टिकचं) कवच हवं. मऊ खिशात कापडावरूनही चाप दाबला जाऊ शकतो. परत ठेवताना बँड अंगावर असताना पिस्तूल आत ढोसू नका. बँड काढा, पिस्तूल होल्स्टरमध्ये बसवा, मग बांधा. पर्सचा विचार करू नका: पर्स खुर्चीला टांगली जाते, लहान मुलं ती उघडतात. घरी १६ वर्षांखालचं मूल असेल तर पिस्तूल कुलपात ठेवा, ती कायद्याचीही अपेक्षा आहे.

यादीवर एच-१बी, एल-१, एफ-१ वाले बरेच आहेत, त्यांच्यासाठी: फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही, आणि रेंजवर भाड्याने घेऊन चालवणं हेही बाळगणंच धरलं जातं. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण आधी वकिलाला विचारा.

मंडळाचा गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होतात. परमिट असलं तरी शाळेच्या आवारात शस्त्र आणणं गुन्हा आहे, पार्किंगमधल्या गाडीतही नको. त्या दिवशी ते घरीच ठेवा.

आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. नेलीच तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. एक जिवंत काडतूस राहिलं तरी मुंबई विमानतळावर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो.