ईस्टरसाठी दारावरची रीथ घरी करतेय, अंडी चिकटवू की बांधू?

बडबडी_बाहुली
यंदा ईस्टरची दारावरची रीथ (दारावर टांगायचं ते गोल तोरण) विकत न आणता घरीच करायचं डोक्यात घेतलंय. वेलीच्या काड्या वळून केलेली १४ इंची रिंग आहे, प्लास्टिकची रंगीत अंडी आहेत, थोडं सुकं शेवाळ आहे, रिबीन तर ढीगभर आहे. प्लॅन असा की अख्खी रिंग अंड्यांनी गच्च भरायची, मधे मधे पांढरी फुलं आणि एक मोठा बो. पण व्हिडिओ बघायला बसले तर प्रत्येकाचं वेगळंच, एक म्हणते सगळं ग्लू गनने चिकटवा, चुटकीसरशी होतं, दुसरी म्हणते ग्लू गनला हातसुद्धा लावू नका. आमचं दार गडद रंगाचं, त्याच्या बाहेर काचेचं अजून एक दार जे कायम बंद असतं, आणि सकाळपासून ऊन थेट तिथेच. तर चिकटवू की बांधू? दुसरं म्हणजे खरी अंडी पोकळ करून लावली तर टिकतात का, मुलं मागे लागलीयेत. आणि दाराला खिळा मारायचा नाहीये मग टांगायची कशी? हातात कला बिला काही नाही, सोप्पं सांगा प्लीज.

खिळेमोळे
बांधा. दाराचं वर्णन वाचूनच सांगतोय. ग्लू गनचा गोंद म्हणजे वितळवलेलं प्लास्टिकच, गार झालं की घट्ट आणि तापलं की परत मऊ. काचेचं दार बंद, आतलं दार गडद, मधली हवा कोंडून अशी तापते की अंडी एकेक करून खाली. शिवाय प्लास्टिकचं अंडं गुळगुळीत, त्याला गोंद नीट धरतच नाही, चिकटवायचंच असेल तर तेवढी जागा आधी पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावी लागते. तुमच्याकडे काड्यांची रिंग आहे, तिच्यात वायर कुठूनही ओवता येते, मग गोंदाच्या नादी लागायचंच कशाला? शेवाळ आणि बारीक पानं खुशाल चिकटवा, ती गळली तरी कुणाचं काही जात नाही. (रिंग थर्माकोलची असती तर वेगळीच पंचाईत, फार गरम गोंदाने थर्माकोललाच खड्डा पडतो.)

२२ गेजची फ्लोरल वायर (फुलं बांधायची बारीक तार) घ्या, हाताने वळते आणि वजनही पेलते. प्लास्टिकच्या अंड्यांना बरेचदा टोकाला बारीक भोकं असतात, नसली तर तापवलेल्या सुईने दोन्हीकडे पाडा. वायरच्या एका टोकाला मणी ओवून पीळ मारायचा, दुसरं टोक अंड्यातून आरपार काढायचं, मणी भोकाशी अडकला की अंडं बसलं. उरलेली वायर रिंगच्या दोन-तीन काड्यांना वेढा घालून मागे पक्कडीने पिळायची आणि टोक काड्यांतच दुमडून टाकायचं, नाहीतर दाराचा रंग खरवडलाच म्हणून समजा.

आता ते गच्च भरण्याचं. १४ इंची रिंगचा बाहेरचा परीघ होतो ४४ इंच. अंडं दीड-पावणेदोन इंच रुंद धरलं तर नुसत्या बाहेरच्या ओळीलाच २५ ते ३० अंडी, आतली आणि मधली ओळ मिळून सहज साठ-सत्तर. एवढी वायर पिळता पिळता बोटं सोलपटतील आणि लांबून बघणाऱ्याला रंगीत टायर दिसेल. रिंगचा एक तृतीयांश भाग भरा, बाकी काड्या उघड्या राहू द्या, छान दिसतात त्या.

बडबडी_बाहुली
टायर 😂 बरं, एक तृतीयांश पटलं. डाव्या बाजूला झुपका करते मग. पण खऱ्या अंड्यांचं कुणीतरी सांगा ना, आणि टांगायचं राहिलंच.

अर्धीकच्ची
खऱ्या अंड्यांचं मी सांगते, दरवर्षी करतो आम्ही. उकडलेलं अंडं चुकूनही लावायचं नाही, उन्हात काय होईल ते सांगायला नको. कच्चंच घ्यायचं, जाड सुईने दोन्ही टोकांना भोक, खालचं जरा मोठं, मग लांब सुई आत घालून बलक फोडायचा. हे महत्त्वाचं, बलक अख्खा राहिला तर बाहेर येतच नाही आणि माणूस फुंकून फुंकून बेजार. फुंकायचं पण तोंडाने नको, कच्च्या अंड्यात साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो आणि मुलं तर ओठ टेकवणारच, त्यापेक्षा रबरी फुग्याची पिचकारी मिळते तिने वरून हवा मारायची. मग आत साबणाचं पाणी भरून हलवून काढायचं, परत साधं पाणी, आणि मोठं भोक खाली करून नीट वाळू द्यायचं. आत ओल राहिली की वास येतो.

रंगासाठी कांद्याची सालं उकळा, तांबूस केशरी येतो, लाल कोबीच्या पाण्यात पांढरी अंडी निळी होतात, हळदीत पिवळी. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला म्हणजे रंग धरतो. हळदीचा रंग मात्र उन्हात पार उडतो, ती अंडी घरात ठेवा. कवच रिकामं झालं की इतकं हलकं असतं की वायर लागत नाही, दोरा किंवा बारीक रिबीन ओवून रिंगला लोंबती सोडा, फक्त एकमेकांवर आपटणार नाहीत इतकं अंतर ठेवा आणि दार आपटणारं कुणी घरात असेल तर नादच सोडा.

खिळेमोळे
टांगायचं. काचेचं दार बंद केल्यावर मधे किती जागा उरते ते आधी मोजा, फुगीर रीथ केली तर दाबून चपटी होईल, हे सगळे विसरतात. तुम्हाला खिळा नको तर रुंद रिबीन रिंगमधून ओवा, दाराच्या वरच्या कडेवरून आत घ्या आणि आतल्या बाजूला चिकटणारा हुक उलटा लावून त्यात अडकवा. म्हणजे हुकाचं तोंड खाली, कारण ओढ वरच्या दिशेला असते. दार लोखंडी असेल तर सरळ मॅग्नेटवाला हुक.

आणि डावीकडे झुपका म्हणालात ना, इथे गंमत आहे. रिंग एकाच ठिकाणी टांगली की जड बाजू आपोआप फिरून खाली जाते, तुमचा डावीकडचा झुपका रात्रीतून तळाशी. म्हणून मागे दोन ठिकाणी बांधा, घड्याळातल्या १० आणि २ वर, आणि दोन्ही टोकं वर एकत्र आणा. मागून फेल्टचे दोन-चार तुकडे चिकटवा, रंगाला ओरखडे पडत नाहीत.

चैत्रपालवी
वरचं सगळं बरोबर आहे, एक भर घालते. ईस्टर संपला की सोमवारी रीथ काढायची घाई करू नका. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्ट या पुढच्या सणापर्यंत ५० दिवसांचा असतो, २०२६ मध्ये ५ एप्रिल ते २४ मे, तेवढे दिवस दारावर असायला काहीच हरकत नाही. म्हणून ताज्या फुलांवर भरवसा नको. शिवाय तारीख दरवर्षी सरकते, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कधीही (पूर्वेकडची चर्चेस वेगळ्या कॅलेंडरने धरतात, त्यांचा मे मध्येही जातो), २०२७ ला तर २८ मार्चलाच आहे, मग गेल्या वर्षी मिळालेली फुलं यंदा मिळतीलच असं नाही. कापडी किंवा कागदी फुलं घ्या. खऱ्या लिली आणल्यात आणि घरात मांजर असेल तर दारात काय, घरातही नकोत, मांजराच्या किडनीला भयंकर विषारी.

आमच्याकडे एकच रिंग दोनदा वापरतो. लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ) नुसत्या उघड्या काड्या आणि जांभळी रिबीन, ना फुलं ना अंडी. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीची प्रार्थना झाली की जांभळी सोडायची आणि पांढरी-सोनेरी बांधायची, अंडी त्यानंतर. तुमच्याकडे रिबीन ढीगभर आहेच म्हणता, तर करून बघा, मुलांना ती बदलाबदली फार आवडते. बो रिंगलाच कायमचा शिवू नका फक्त, वेगळ्या वायरने बांधा.

उंबरठा
पक्ष्यांचं कुणी बोललंच नाही. उघड्या दारावर लावणाऱ्यांनी वाचा. शेवाळ, काड्या, वर आडोसा, फिंचसारख्या पक्ष्यांना तयार घरटंच की ते! एकदा अंडी घातली की पिल्लं उडून जाईपर्यंत हात लावता येत नाही आणि तुम्ही आपले मागच्या दाराने ये-जा. काडीकचरा जमायला लागलेला दिसला की तेव्हाच रीथ दोन दिवस आत घ्यायची, अंडी घातल्यावर नाही. बाहुलीताई, तुमचं काचेचं दार बंद असतं त्यामुळे तुम्हाला भीती नाही.

बडबडी_बाहुली
सगळ्यांना थँक्यू! मधली जागा मोजली, जेमतेम तीन इंच आहे, म्हणजे मोठा बो कटाप. चैत्रपालवी, जांभळी रिबीन आजच बांधते. अर्धीकच्ची, ती पिचकारी म्हणजे लहान बाळाचं नाक साफ करायची असते तीच ना? नवीन कोरी पडून आहे घरात.

अर्धीकच्ची
हो तीच, चालेल. पण नंतर ती अंड्यांसाठीच ठेवा हं, बाळाच्या डब्यात परत नको.